शून्य गुण कसे मिळवावेत

समजा, देशासाठी युरोव्हिजनला (युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्याची स्पर्धा, परीक्षक आणि प्रेक्षक गुण देतात ती) गाणं निवडून पाठवायची जबाबदारी उद्या तुमच्या गळ्यात पडली, तर अजिबात घाबरू नका. आयर्लंड, स्वीडन ही मंडळी सात-सात वेळा जिंकून बसलीत, त्यांच्या नादी लागू नका. गुरू करायचा तर ब्रिटनला करा. पाच वेळा जिंकून आणि सोळा वेळा दुसरं येऊनही ज्यांनी नम्रपणे शून्यापर्यंत मजल मारली, त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

बीटल्सच्या देशात गायकांची वानवा नाही. पण ज्यांची गाणी सगळं जग ऐकतं, त्यांना या भानगडीत पाडू नका. 2012 साली स्पर्धा बाकूला होती, तिथे त्यांनी 76 वर्षांच्या एंगलबर्ट हम्परडिंक यांना पाठवलं (जन्म आपल्या मद्रासचा, तेव्हा थोडा अभिमान आपणही बाळगावा). सगळ्यात आधी गायले, 26 जणांत 25वे आले. ज्येष्ठांचा मान राखला, नंबर कोण बघतो!

गाण्यापेक्षा निमित्तावर जास्त मेहनत घ्या. 2003 साली रिगाला जेमिनी ही जोडी बेसूर गायली आणि ब्रिटनला पहिलावहिला भोपळा मिळाला. साथ नीट ऐकूच येत नव्हती, हे एक कारण. दुसरं, इराक युद्धामुळे युरोप रागावलाय. सूर हरवला रिगात, सापडला बगदादमध्ये! 2021 साली रॉटरडॅमला ब्रिटनच्या जेम्स न्यूमनसाठी मंचावर अवाढव्य तुताऱ्या उभ्या केल्या होत्या. परीक्षकांकडून शून्य, प्रेक्षकांकडूनही शून्य. निकाल ऐकून न्यूमन खुर्चीतून उठून उभा राहिला आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. गुण द्यायचे सोडून काय हवं ते द्यायला लोक तयार असतात. यावेळचं निमित्त अर्थातच ब्रेक्झिट.

शेजाऱ्यांची मतं हे निमित्तही हाताशी ठेवा. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा-बारा (म्हणजे सर्वाधिक) गुण देतात, हे दरवर्षी नव्याने शोध लागल्यासारखं सांगा. ब्रिटनच्या शेजारी आयर्लंड आहे. त्या घरात काय काय करून ठेवलंय, ते कशाला उगाळा!

2022 साली मात्र घोळ झाला. कुणीतरी चुकून चांगलं गाणं आणि चांगला गायक एकत्र पाठवला. सॅम रायडरला तुरिनमध्ये 466 गुण पडले, परीक्षकांनी तर त्याला पहिलाच ठरवला आणि एकंदरीत फक्त युक्रेन पुढे राहिलं. युरोप आपल्यावर डूख धरून आहे, ही इतक्या कष्टाने उभी केलेली इमारत तीन मिनिटांत कोसळली. अशा वेळी घाईघाईने डागडुजी करा. पुढच्याच वर्षी, जिंकलेल्या पण युद्धात अडकलेल्या युक्रेनच्या वतीने लिव्हरपूलमध्ये स्पर्धा भरवून, घरच्या मांडवात ब्रिटन 26 जणांत 25वं आलं. 2024 आणि 2025 साली प्रेक्षकांकडून पुन्हा शून्य. परीक्षकांनी दोन्ही वर्षी थोडेफार गुण देऊन रंगाचा बेरंग केला, ते सोडा.

पैशाला हात आखडू नका. ब्रिटनसारख्या सर्वाधिक वर्गणी भरणाऱ्या देशांना थेट अंतिम फेरीत जागा मिळते. पडायचंच तर उपांत्य फेरीत गुपचूप कशाला, अख्ख्या खंडादेखत पडावं.

आणि स्वतःच्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही, या नियमाबद्दल आयोजकांचे आभार माना. नाहीतर घरच्यांनी किती मतं दिली असती, तेही पडद्यावर दिसलं असतं.