व्हॉल्व्हवाल्या भाऊंचे राज्य

शेतजमीन बिनशेती झाली, तिचे प्लॉट पडले, प्लॉटांवर बंगले उभे राहिले आणि ओपन स्पेसवर लोकवर्गणीतून मारुतीचे मंदिरही झाले. आमच्या कॉलनीत यायचे राहिले आहे ते फक्त पाणी. पाणीपट्टी मात्र वेळेवर येते. नवी नळजोडणी किती दिवसांत मिळावी याची मुदत 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरते, परंतु त्या नळाला पाणी केव्हा यावे हा विषय सर्वस्वी व्हॉल्व्हवाल्या भाऊंच्या अखत्यारीतला आहे.

मोटारसायकलला लांबलचक लोखंडी चावी बांधून भाऊ ज्या गल्लीत शिरतात, तिथे भर मे महिन्यातल्या दुपारीही दारे उघडतात आणि ताकाचे पेले बाहेर येतात. लग्नपत्रिका पहिली गणपतीला आणि दुसरी भाऊंना, असा रिवाजच पडला आहे. ‘‘भाऊ, आज पाणी येईल ना?’’ असे विचारले, की ‘‘येईल ना भो, लाईट आल्यावर,’’ हे उत्तर ठरलेले. लाईट मध्यरात्रीनंतर येते. पाणी आल्याची वर्दी नळ देत नाही, शेजारच्या काकूंची टिल्लू मोटर देते. आणि आमचे घर लाईनच्या शेवटाला असल्यामुळे आमच्या नळातून त्या वेळी जे बाहेर पडते, ती निव्वळ हवा असते.

याच खानदेशात पांझरेच्या काठी पिढ्यानपिढ्या फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणायचे, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग गटात, सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि शेताला पाणी मालकाने नव्हे, तर सर्वांनी नेमलेल्या पाटकऱ्याने पाळीप्रमाणे द्यायचे, अशी ती व्यवस्था. (तेव्हा टिल्लू मोटर निघालेली नव्हती, ही एक सोय होतीच.) मंदिरातल्या बैठकीत मी हा इतिहास सविस्तर मांडला आणि भाऊंनाच कॉलनीचे पाटकरी मानून पाळी बांधून घ्यावी, अशी सूचना केली. नानांनी अनुमोदन दिले, काकूंनी मोटरचा विषय वगळून पाठिंबा दिला. पाटकऱ्याला शेतकरी धान्य देत, हे ऐकून मात्र भाऊंनी पहिल्यांदाच तोंड उघडले.

‘‘धान्य रेशनचं मिळतं भो. तुम्ही पेट्रोलचं बघा.’’