विटेचा वीट

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे माळा काढतात. डुगडुगत्या स्टुलावर मी, खाली पोतं घेऊन बायको आणि खुर्चीत आई. मी वस्तू खाली द्यायची, बायकोने विचारायचं, "ठेवायचं की टाकायचं?" तिच्या लेखी प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते पोत्यात जातं.

याला अभिसारी विचार म्हणतात. शाळेत भिंगं शिकलो होतो, तसंच. बहिर्वक्र भिंग सगळे किरण एका बिंदूवर आणतं. (कागद पेटतो तो तिथेच. मीही.) अंतर्वक्र भिंग त्यांना पांगवतं, तो अपसारी विचार. म्हणजे आमची आई.

श्रीखंडाचा डबा खाली गेला.

"टाकायचा," बायको.

"अगं, विरजण लावायला होतो. मेथीदाणे राहतात. शेजारी काही द्यायचं झालं आणि डबा परत नाही आला, तरी जीव तुटत नाही."

असे डबे एकोणीस निघाले. झाकणं तेवीस. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

विचारांच्या या दोन जातींना नावं दिली जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. 1950 साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्याने तक्रार केली होती, की आधीच्या 23 वर्षांतल्या संशोधनाच्या सुमारे 1,21,000 नोंदींपैकी जेमतेम 186 सृजनशीलतेविषयी आहेत. आमच्या माळ्यावर उपयोगी वस्तूंचं प्रमाण साधारण तेच, असं बायकोचं मत पडलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून वीट निघाली. अख्खी, लाल. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. ती माळ्यावर कोणी चढवली हे कोणीच कबूल करेना. मला मात्र आनंद झाला, कारण गिलफर्डच्या चाचणीतलं गाजलेलं उदाहरण विटेचंच: ठरावीक वेळात तिचे जमतील तितके उपयोग सांगा. किती सांगितले, किती निरनिराळ्या प्रकारचे, आणि इतरांना न सुचणारे किती, यावर गुण.

"आई, विटेचं काय काय करता येईल?"

"गच्चीत वाळवण घातलं की चादरीच्या कोपऱ्यावर ठेवायची. पनीर दाबायला. वाऱ्याने दार आपटतं, तिथे. कुटून पूड केली की समया काय लखलखीत निघतात!" श्वास घेऊन ती म्हणाली, "आणि पाहुण्याला उभं करायला."

"विटेवर?"

"पुंडलिकाने नाही का केलं? पाहुणा अजून गेलेला नाही."

वेगळेपणाचे पैकीच्या पैकी गुण मी मनातल्या मनात देऊन टाकले. बायको मात्र पोत्याचं तोंड उघडंच धरून उभी होती.

"सगळे उपयोग मान्य, आई. यातला आज कुठला करायचा?"

आई बराच वेळ गप्प बसली. पनीर नव्हतं, वाळवणाचे दिवस नव्हते, पाहुणेही भाऊबिजेला येणार होते.

"आज नको," ती शेवटी म्हणाली. "एवढी कामाची वस्तू. ठेव वर जपून."

एव्हाना मला त्या विटेचा वीट आला होता. तरी ती उचलून मी पुन्हा स्टुलावर पाय ठेवला. स्टूल डुगडुगलं.

"अरे थांब, पडशील!" आई ओरडली. "त्या पायाखाली आधी वीट लाव."