हजेरी दर 90 दिवसांनी

मेहुण्याने परवा व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. थायलंडमध्ये परदेशी माणसाने केस कापायचे नाहीत, फेरीवाल्याचा धंदा करायचा नाही, टॅक्सी चालवायची नाही, टूर गाईड व्हायचं नाही, जमीन घ्यायची नाही. खाली ठळक अक्षरांत: 'बघा, याला म्हणतात भूमिपुत्रांचं राज्य. महाराष्ट्रातही बाहेरून आलेल्यांना हेच नियम हवेत.' पाठोपाठ फोन. "दाजी, तुम्ही तिथेच आहात. खरंय ना हे?"

खरंय, म्हणालो. मी 11 वर्षं बँकॉकमध्ये त्याच यादीखाली राहतोय. माझ्या एका वर्क परमिटमागे कंपनीला चार थाई माणसं कामावर दाखवावी लागतात. बायको डोंबिवलीत शाळेत शिकवायची. इथे ती माझ्यावर अवलंबून म्हणून आली, त्यामुळे स्वतःचं परमिट नसेल तर तिला नोकरी करता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतली 49 टक्केच जागा परदेशी नावांवर जाऊ शकते. व्हिसाची मुदत दरवर्षी वाढवायची, त्याचे 1,900 बाट. शिवाय दर 90 दिवसांनी 'मी अजून याच पत्त्यावर आहे' असं सरकारला कळवायचं. उशीर झाला की 2,000 बाट दंड. चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात सकाळी नंबर घेऊन बसलेली माणसं पासपोर्टच्या झेरॉक्सच्या पानापानावर निळ्या पेनने सह्या करत असतात. काळं पेन घेऊन आलेला नवखा लगेच ओळखू येतो.

पैसेवाल्यांसाठी दारं वेगळी आहेत. पन्नाशी उलटली आणि बँकेत 8 लाख बाट असले की निवृत्तीचा मुक्काम मिळतो. 2022 पासून बड्या गुंतवणूकदारांना 10 वर्षांचा व्हिसा आहे. 2024 पासून लॅपटॉपवर परदेशातलं काम करणाऱ्यांना 5 वर्षांचा, 5 लाख बाट शिल्लक दाखवली की. आम्ही नोकरदार मात्र वर्षावर्षाने पुढे सरकतो.

ही यादी मला खरी टोचली ती वडील गेले त्या रात्री. देश सोडण्याआधी परत येण्याचा परवाना घेतला नाही, तर वर्षाची मुदतवाढ तिथल्या तिथे रद्द होते. बहिणीचा फोन साडेआठला आला, विमान साडेअकराचं. सुवर्णभूमी विमानतळावर काउंटर असतं. मी फॉर्म भरला, फोटो चिकटवला, 1,000 बाट मोजले. आधी परत यायची परवानगी, मग बापाचं तोंड बघायचं. काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारून पासपोर्ट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. नियम तिने केला नव्हता.

म्हणून मेहुण्याला म्हटलं, अरे, तुझ्या यादीत एक घोळ आहे. मी इथे परदेशी आहे. कल्याण स्टेशनबाहेर रिक्षा लावणारा जौनपूरचा माणूस तिथे परदेशी नाही. त्याला भारतात कुठेही राहायचा हक्क राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने दिलाय, तुला जो दिलाय तोच. तू त्याला माझ्या रांगेत उभा करतोयस. त्या रांगेत मी उभा राहिलोय. तिथे कोणालाही उभं करावं असं मला वाटत नाही.

तो गप्प झाला, पण हरला नाही. "बरं, ते सोडा. भाषा तरी शिकावी की नाही?"

इथे त्याने मला पकडलं. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय निघाला, तेव्हा आम्हा बँकॉकच्या मराठी मंडळींचंही रक्त उसळलं होतं. 29 जूनला सरकारने तो मागे घेतला, त्या आठवड्यात एकाच्या घरी मिसळ झाली. 'महाराष्ट्रात राहतात आणि वीस वर्षांत दोन शब्द मराठी येत नाही!' वगैरे वगैरे. कोणीतरी सहज विचारलं, इथलं विजेचं बिल वाचता येतं असे कोण कोण? चौदा जणांत दोन हात वर झाले. त्यातला एक दहा वर्षांच्या मुलाचा. माझा हात रश्शाच्या वाटीवर होता.

थाई भाषेची माझ्यावर कोणी सक्ती केली नाही, हेही सांगायला हवं. नोकरीच्या व्हिसाला ती लागत नाही. कायम वास्तव्याला लागते: दर देशाला वर्षाला 100 जागा, आणि मुलाखत थाईत. मी शिकायला लागलो ते आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या नारिंगी जाकिटातल्या मोटारसायकलवाल्यांमुळे. 'जवळ' आणि 'लांब' दोन्हीला थाईत 'क्लाय'. आवाज सपाट ठेवला की लांब, वरून खाली पाडला की जवळ. मी कित्येक महिने रोज सांगत होतो की माझं घर फार लांब आहे, आणि ते बिचारे चारशे मीटरवर सोडून गोंधळून बघायचे. एके दिवशी त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने गाडी बंद केली आणि हात हवेत वरून खाली आणत मला तो एक शब्द दहा वेळा म्हणायला लावला. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

हे मेहुण्याला सांगितलं. म्हटलं, भाषा यावी, शंभर टक्के यावी. पण त्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी थोबाडीत मारली असती, तर मी दुसऱ्या दिवसापासून टॅक्सी केली असती. आपण कोणाला असा एक शब्द दहा वेळा म्हणून घेतलाय का? तू घेतलायस? तुझा रिक्षावाला 'किधर' म्हणतो आणि तूही 'स्टेशन चलो' म्हणतोस.

"तुम्ही पण हिंदीतच बोलायचात की दाजी, इथे असताना."

बोलायचो.

थोडं थांबून त्याने विचारलं, तिकडे तुम्हाला काय म्हणतात? खॅक, म्हटलं. म्हणजे? म्हणजे पाहुणा. सिलोम रस्त्यावरच्या मारिअम्मनच्या देवळालाही लोक वात खॅकच म्हणतात, खॅकांचं देऊळ. "वा, छान शब्द आहे," तो म्हणाला. पाहुणा असाच शब्द आहे, पण भारतीय दिसणाऱ्या सगळ्यांना तोच, मग त्यांच्या पिढ्या इथे गेल्या असल्या तरी. काही जण तो इतक्या कोरडेपणाने उच्चारतात की 'भैय्या' हा शब्द आपल्याकडे कसा ऐकू जात असेल, ते मला इथे येऊन कळलं.

तेवढ्यात त्याच्या दारावर कोणीतरी आलं. "एक मिनिट हां दाजी," म्हणून तो आतून ओरडला, "कौन है?"