दांतेच्या नरकात कुणी कुणाला उंदीर खाऊ घालत नाही

ख्रिस्ती धर्मातली सात मोठी पापं आणि त्यांच्या नरकातल्या शिक्षा दाखवणारा तो ‘सात पापं, सात शिक्षा’वाला फोटो फिरत फिरत शेवटी आमच्या फॅमिली ग्रुपवर पण आला. ‘महाकवी दांतेने लिहून ठेवलंय, खादाडांना नरकात जिवंत उंदीर, बेडूक आणि साप खायला लावतात, तेव्हा जाड्यांनो, वेळीच पोट आवरा’. खाली हसणारे इमोजी. आणि एका काकांनी त्यात माझ्या नववीतल्या भाचीला टॅग केलं. पोरगी ग्रुप सोडून गेली.

आता दांतेचं नाव घेतलंच आहे तर बघूया.

नरक ते स्वर्ग अशा प्रवासावरच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या त्या इटालियन कवीच्या महाकाव्यात उंदीर-बेडूक खादाडांच्या वाट्याला नाहीतच. ती यादी फ्रान्समध्ये 1490च्या दशकात छापलेल्या मेंढपाळांच्या पंचांगातली आहे, तिथल्या चित्रात टेबल मांडून सैतान ते खाऊ घालतायत. दांते 1321 मध्येच वारला. पावणेदोनशे वर्षांनंतरचा माल त्याच्या नावावर खपवताय.

त्याने खादाडांचं काय केलंय ते ‘इन्फर्नो’च्या, म्हणजे त्यातल्या नरकाच्या भागाच्या, सहाव्या सर्गात आहे. तिसरं वर्तुळ, न थांबणारा गार पाऊस, गारा, घाण पाणी, बर्फ, सगळं मिसळून जमिनीला दुर्गंधी येतेय आणि माणसं त्या चिखलात लोळतायत, वर तीन डोक्यांचा कुत्रा सर्बेरस भुंकत त्यांना नखांनी सोलतोय, फाडतोय. दांतेला नरक दाखवत नेणारा रोमन कवी व्हर्जिल त्या कुत्र्याच्या तोंडात काय टाकतो? मूठमूठ माती. ती गिळून तो गप्प.

आणि ‘जाड्यांनो’ हे तर दांतेच्या बापाने पण म्हटलेलं नाही. अख्ख्या सर्गात मोठं पोट एकाचंच सांगितलंय, त्या कुत्र्याचं! तिथे फ्लॉरेन्सचा चाक्को भेटतो, खादाडपणामुळे इथे आलो म्हणतो, पण त्याच्या अंगकाठीवर एक शब्द नाही. उलट त्याची अवस्था बघून मला रडू येतंय असं दांते त्याला सांगतो. मग दोघं बोलतात ते फ्लॉरेन्सच्या राजकारणावर, कुठला गट कुणाला हाकलणार यावर. चिडवाचिडवी शून्य.

सात पापांचा हिशोब दांतेत आहे, एवढं मान्य. पण तो नरकात नाही, पर्गेटरीच्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी पापं धुतली जातात त्या जागेच्या, डोंगरावर आहे. नरकात वर्तुळं नऊ, त्यात गर्व आणि मत्सर यांना स्वतंत्र वर्तुळ नाहीच. त्या डोंगरावर खादाड कसे दिसतात? डोळे खोल गेलेले, हाडांना चिकटलेलं कातडं. समोर फळांनी लगडलेलं झाड आणि हे भुकेले. त्यात पोप मार्टिन चौथा पण आहे, बोल्सेना तलावातले ईल मासे वाइनसोबत हाणायचा म्हणून. म्हणजे इथे तर खादाड ओळखायचा तो हडकुळेपणावरून, काका.

बाकीच्या शिक्षांवर फार वेळ घालवत नाही. फोटोत आळशांना साप, दांतेकडे साप चोरांना. फोटोत मत्सरी लोक गार पाण्यात, दांतेकडे गोठलेल्या तळ्यात विश्वासघातकी. फोटोत लोभी उकळत्या तेलात, दांतेकडे ते छातीने धोंडे ढकलतायत. उकळतं डांबर आहे त्याच्याकडे, पण ते पदावर बसून पैसे खाणाऱ्यांसाठी. ते ग्रुपवर कुणी टाकत नाही, तिथे कुणाकुणाला टॅग करावं लागेल याची कल्पना असणार.