पेडल खाली गेलं म्हणजे बूस्टर पास, असं नाही

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी लेखात लिहिलेली ब्रेक बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवेच्या ओढीने, ब्रेकला जोर देणारा डबा) तपासणी तुम्ही घरी केलीत, बूस्टर ठीक निघाला आणि चारच दिवसांनी करूळ घाट उतरताना पेडल दगडासारखं झालं. ‘अर्धवट माहिती देऊन लोकांना घाटात पाठवू नका,’ असं तुम्ही लिहिलंय. तुमचा राग रास्त आहे. एका तपासणीवर थांबलो, ही माझी चूक.

ती तपासणी अशी: इंजिन बंद असताना चार-पाच वेळा ब्रेक मारून पेडल दाबून धरायचं आणि गाडी सुरू करायची. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय, एवढंच त्यातून कळतं. तो टिकतो का, हे कळायला इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग ब्रेक दाबा. पहिले एक-दोन ब्रेक हलके लागायला हवेत. पहिलाच कडक लागला तर बूस्टरवरचा नॉन-रिटर्न वॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) काढून फुंकून बघा. हवा इंजिनच्या बाजूला गेली पाहिजे, उलटी येता कामा नये.

पण मला संशय आहे तो इंजिनपासून बूस्टरपर्यंत येणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीचा. लायनर तापून ब्रेक धरत नसते तर पेडल नेहमीइतकंच दबलं असतं. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर ते मऊ पडून खाली गेलं असतं. तुमचं पेडल दबतच नव्हतं, तेही गाडी तापल्यावर, आणि नळी गेल्या वर्षी बदललेली. माझ्या गाडीला एका गॅरेजात पाण्याची साधी नळी बसवली होती. बॉनेट उघडून मुलाला रेस द्यायला लावली. त्याने रेस सोडली की वळणापाशी ती नळी माझ्या डोळ्यांदेखत चपटी व्हायची. थंड असताना काहीच नाही. पेट्रोल गाडीत उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधली) ओढ सगळ्यात जास्त असते. गरम, नरम नळी तेव्हाच आतून चिकटते. मग बूस्टरमधला साठा दोन-तीन ब्रेकांत संपतो आणि नवा भरत नाही. तिथे व्हॅक्यूमची जाड नळीच लागते.

मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बूस्टरपासून सोडवून मागची बाजूही बघा. तिथे ब्रेक ऑइलची ओल दिसली तर ते बूस्टरच्या आत जाऊन त्यातला रबरी पडदा खराब करतं.

मूळ लेखात ही भर आजच घातली आहे. नळी काढलीत की वळणापाशी दाबून बघा आणि काय दिसतं ते इथेच लिहा. तोवर गाडी गगनबावड्याकडे, म्हणजे त्या घाटात, नेऊ नका.