चोवीसवर ठेवलाय

मुंबईतल्या माणसाला थर्मोस्टॅट, म्हणजे अख्ख्या घराचं तापमान सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र, गिफ्ट द्यावा हे फक्त न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसालाच सुचू शकतं, आणि आमचा मेव्हणा नेमका तिथेच राहतो. दर खेपेला चॉकलेटं आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची ती मोठी डबी आणतो, यावेळी बॅगेतून एक गोल, चकचकीत, काचेची वस्तू काढली. त्याने घरी नवीन मॉडेल बसवलं होतं, जुनं वाया कशाला घालवायचं. "जिजू, तुम्हाला ऑटोमेशनचं वेड आहे ना, हा जोडा!"

वेड आहे हे खरं. टीव्हीमागे रास्पबेरी पाय नावाचा एक छोटासा कॉम्प्युटर ठेवलाय, त्यावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर चालतं, आणि ते रोज सूर्यास्ताला गॅलरीतला दिवा लावतं. बायकोचं म्हणणं असं की एवढं काम करायला घरात माणसं आहेत, पण तिचं असं बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणणं असतं.

तर थर्मोस्टॅट. तिकडे भिंतीतून पाच बारीक वायरी आलेल्या असतात, आर, सी, वाय, जी आणि डब्ल्यू. एक कॉम्प्रेसरची, एक पंख्याची, एक चक्क घर तापवायची, आणि सगळा कारभार २४ व्होल्टचा. आमच्या मुलुंडच्या भिंतीतून येतात २३० व्होल्ट आणि पावसाळ्यात थोडी ओल. तरी इलेक्ट्रिशियनला बोलावलंच. त्याने ती वस्तू उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली, मग मलाच विचारलं, "साहेब, ह्याच्यावर काय चालवायचंय?" एसी म्हटलं. "एसीला रिमोट नाहीये का?" आहे. "मग?" ह्या "मग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याने व्हिजिटचे पैसे घेतले आणि गेला.

पण मुद्दा त्याचा बरोबर होता. आपल्याकडे अख्ख्या घराचा एक एसी नसतो, बेडरूमचा एक स्प्लिट असतो, आणि त्याचा मेंदू त्याच्या पोटात. बाहेरून त्याच्याशी बोलायची वाट एकच, रिमोटची. म्हणून मग मी बाजारातून इन्फ्रारेड ब्लास्टर नावाची डबी आणली, जी भिंतीवर बसून रिमोटची नक्कल करते. मेव्हण्याला कळवलं नाही.

डबी वायफायला जोडायची. वायफायचे दोन बँड, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; डबीला फक्त २.४ कळतं, राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं, आणि फोन जाऊन बसायचा पाचवर. ॲप म्हणतं डिव्हाइस सापडत नाही. शेवटी युक्ती निघाली की पाचची रेंज भिंतींतून फार लांब जात नाही, म्हणून मी डबी पॉवर बँकेला लावून जिन्याकडे गेलो, तिथे फोन मुकाट्याने २.४ वर आला. समोरच्या काकू दूध घेऊन वर येत होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात लुकलुकणारी डबी, पॉवर बँक काखेत, असं मला बघून म्हणाल्या, "घरात भांडण झालं का रे?"

आता खरी गंमत. टीव्हीचा रिमोट एका बटणाला एकच गोष्ट सांगतो, आवाज वाढव. एसीचा रिमोट तसा नाही. तुम्ही तापमान एक डिग्री कमी करायला बटण दाबलंत तरी तो दर वेळी अख्खी कुंडली पाठवतो: चालू की बंद, कूल की ड्राय, किती डिग्री, पंखा किती, झडप हलती की थांबलेली. आणि पाठवून मोकळा होतो. एसी उलट काहीच कळवत नाही. म्हणजे प्लॅटफॉर्मवरच्या अनाउन्समेंटसारखं, सांगून झालं, गाडी खरंच आली का ते तुमचं तुम्ही बघा. त्यामुळे होम असिस्टंटला आपला एसी चालू आहे की नाही हे माहीत नसतं, त्याने शेवटचं जे सांगितलं ते झालंच असणार असं होम असिस्टंट धरून चालतं.

आता ज्या घरात चार माणसं आणि एक ओरिजिनल रिमोट आहे, तिथे असं धरून चालणं म्हणजे काय होणार सांगा. तो रिमोट आमच्या बाबांच्या ताब्यात असतो. प्लॅस्टिकच्या कव्हरात, वरून रबरबँड, कव्हर इतकं पिवळं झालंय की आतलं "मोड" बटण वाचता येत नाही, फक्त बाबांना अंगठ्याने कळतं. रात्री दोनला उठले की ते एसी बंद करतात, कारण त्यांच्या मते दोननंतर मुंबई गार होते. होम असिस्टंटच्या हिशेबाने एसी सकाळपर्यंत चोवीसवर मजेत चालू. आम्ही घामाघूम, ॲप हिरवंगार.

बाबांचा चोवीसवर मात्र पूर्ण विश्वास आहे. १ जानेवारी २०२० पासून सरकारने नवीन एसींना २४ हे डिफॉल्ट तापमान सक्तीचं केलं, ते कात्रण त्यांच्याकडे आहे. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्री म्हणाले की एसी २० ते २८ च्या मध्येच चालतील असा नियम आणणार आहोत, त्या दिवशी बाबांनी बायकोकडे बघून पेपर मोठ्याने वाचला. बायकोला बावीस लागतं, वर जाड चादर. आईला एसीच नको, तिचे गुडघे धरतात. बातम्यांत मुंबईचं तापमान कुलाबा वेगळं आणि सांताक्रूझ वेगळं सांगतात, आमच्या सहाशे फुटांत त्याहून जास्त मतं आहेत.

तर एसी खरंच चालू आहे का हे कळायला मी १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावला, जो वॉट मोजतो. वॉट दिसले की एसी चालू, नाही तर बंद, इतकं सोपं. पण एसी इन्व्हर्टरचा, खोली गार झाली की कॉम्प्रेसर दम खातो आणि अगदी हळू चालतो, वॉट एकदम खाली. सिस्टिमला वाटायचं एसी बंद पडला. त्यात तापमानाचा सेन्सर खिडकीजवळ, कारण बाकी भिंतींना कपाटं आहेत, आणि खिडकीजवळ कायम एकोणतीस. मग सिस्टिम कर्तव्यबुद्धीने पुन्हा अख्खी कुंडली पाठवायची, चालू, कूल, चोवीस. टिंग! बायकोने हळूच रिमोट मिळवून बावीस केलेलं असायचं ते गेलं. ती परत बावीस करणार, थोड्या वेळाने परत टिंग. सकाळी तिने बाबांकडे संशयाने बघितलं आणि बाबा म्हणाले, "मी नाही हो, पण ज्याने केलं त्याने योग्य केलं."

सेन्सरला दमटपणाही कळतो, त्याचं मला फार कौतुक. मुंबईत तापमानाने तेवढा घात होत नाही जेवढा दमटपणाने होतो, एसी बरंचसं काम हवेतलं पाणी काढायचंच करतो. मी आईला ८३ टक्के दाखवले. ती म्हणाली, पापड सादळलेत हे मला दुपारीच कळलं होतं.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे एक मास्तर होते. शाळेचा शिपाई सारखा वर्गात येऊन गार आहे की गरम ते बघून जायचा, मग तळघरात जाऊन हवेची झडप फिरवायचा, ह्याला वैतागून त्यांनी १८८३ मध्ये एका यंत्राचं, म्हणजे मेव्हण्याच्या थर्मोस्टॅटच्या पूर्वजाचं, पेटंट घेतलं. वर्गात तापमान बदललं की खाली शिपायाकडे घंटी वाजायची. उठून झडप फिरवायचा शिपायानेच. हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण सध्या माझी सिस्टिम अगदी तिथपर्यंत पोचलेली आहे. आपणहून काही करायचं तिला मी बंद केलंय, ती फक्त घरच्या ग्रुपवर मेसेज टाकते: "बेडरूम २९, दमटपणा ८१. एसी लावू का?"

आई प्रत्येक मेसेजला नमस्काराचे हात टाकते. बाबांनी पहिल्याच दिवशी उलट विचारलं, "ह्या महिन्यात युनिट किती झाले?" कारण ३०० च्या वर गेलं की पुढचा स्लॅब लागतो आणि त्या वाढीव दराचं दुःख त्यांना बिल येण्याच्या आधीच सुरू होतं. सिस्टिमला उलट प्रश्न कळत नाहीत. म्हणून आता मी रोज मीटरचं रीडिंग भरतो आणि मेसेजमध्ये युनिटचा आकडाही येतो. काल २९१ आला. बाबा उठून घरभर खिडक्या उघडत फिरायला लागले, रिमोट सोफ्यावर राहिला, आणि बायको तो उचलून आत गेली आणि तिने दाराला कडी घातली.