मेलेल्या म्हशीला मणभर दूध

परवा एका ग्रुपवर कुणीतरी 'लेडीबर्न' या कधीच बंद पडलेल्या स्कॉच डिस्टिलरीच्या बाटलीचा फोटो टाकला आणि खाली "अशी व्हिस्की पुन्हा होणे नाही" म्हणणाऱ्यांची रांग लागली. होणे नाही हे खरंय हो, पण झाली होती ती कशी होती?

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, एअरशरमध्ये गर्वन नावाचं गाव आहे. ग्लेनफिडिकवाल्या विल्यम ग्रँट कंपनीने तिथे १९६३ मध्ये ग्रेन व्हिस्कीचा (मका-गव्हासारख्या धान्याची, ब्लेंडमध्ये मिसळायची व्हिस्की) कारखाना काढला, तोही ईर्ष्येने. यांनी टीव्हीवर जाहिरात केली म्हणून यांना ग्रेन व्हिस्की पुरवणारी डीसीएल ही बडी कंपनी बिथरली आणि पुरवठा तोडायची भाषा झाली, असं सांगतात. दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी पिणार? नऊ महिन्यांत कारखाना उभा करून यांनी नाताळच्या दिवशी पहिली धार काढली. मला कौतुक वाटतं ते याचं. पण तो कारखाना अजून चालू आहे ना, मग त्याच्यासाठी गळा कोण काढणार!

लेडीबर्न याच आवारातली. १९६६ मध्ये दारू गाळायची तांब्याची चार भांडी बसवली, त्यातून निघणारं माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, ब्लेंडमध्ये ओतायचं, एवढाच हिशोब. स्वतःच्या नावाने बाटलीत जायला ती जन्मलीच नव्हती. १९७५ मध्ये बंद, १९७६ मध्ये जमीनदोस्त. ग्लासगोच्या किनक्लेथ या माल्ट डिस्टिलरीचंही तसंच, ग्रेनच्या कारखान्याच्या पोटात १९५७ ला सुरू, १९७५ ला गुंडाळली.

उरलेली थोडी पिंपं मग सोन्याची झाली. काही बाटल्यांवर तर लेडीबर्न हे नावही नाही, नुसतं 'एअरशर'. अलीकडे कंपनीनेच १९६६ चा माल काढला, लेबलांवर डेव्हिड बेली या नामांकित ब्रिटिश फोटोग्राफरने काढलेले फोटो. म्हणजे बघायची सोयसुद्धा झाली, प्यायचं राहिलंच.

मी एकदा चाखलीय, मित्राकडे, औषधाच्या झाकणाएवढी. आधी वाळलेल्या गवताचा वास, मग जरा व्हॅनिला, आणि शेवटी जिभेवर ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी रेंगाळलं. वाईट नव्हती. पण नाव झाकून दिली असती तर मी दुसरा पेग मागितला नसता.

ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यालाही विचारलं, चव कशी आहे?

म्हणाला, "वेडा आहेस का? सील कोण फोडणार!"